रिकामं भांडं

आमच्या घरातून शेजारचं भांडं कधी रिकामं परत गेलं नाही. कुणी वाटीभर कढी पाठवली, तर ती वाटी घासूनपुसून, तिच्यात चिमूटभर साखर का होईना घालून आई माझ्या हाती द्यायची. घरात काहीच नसलं तर परसातल्या चार मिरच्या. "रिकामं देऊ नाई," एवढंच ती म्हणायची. ही रीत मी आयुष्यभर पाळली आणि तिला संस्कार म्हणत आलो. संस्कार तो आहेच. पण त्याच्या बुडाशी आणखीही काही साचलं होतं. ते मला वयाच्या 59व्या वर्षी, माझ्याच वावरात, मोजणीचे दगड रोवले जात असताना पहिल्यांदा दिसलं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात आमची सात ख्रिस्ती घरं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पण घर ओळखलं जायचं ते वडिलांच्या शेतीवरून, आणि वडील ओळखले जायचे ते त्यांच्या सोसायटीच्या खात्यावरून. कर्ज उचलायचं आणि 31 मार्चच्या आत फेडायचं, हा त्यांचा नेम. कापसाला भाव नसला, बोंडं अळीनं खाल्ली, तरी नेम चुकला नाही. आता सांगायला हरकत नाही, की कित्येक वर्षं ते मार्चमध्ये सावकाराकडून चार दिवसांसाठी पैसे घेत, सोसायटीत भरत, आणि नवं कर्ज मंजूर झालं की सावकाराचे देत. आमच्याकडे याला 'नवं-जुनं करणं' म्हणतात. कागदावर माणूस निरंक दिसतो. देणं होतं तिथंच असतं.

29 फेब्रुवारी 2008च्या अर्थसंकल्पात केंद्रानं कर्जमाफी जाहीर केली. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांचं थकीत पीककर्ज पूर्ण माफ, त्यावरच्यांना एकरकमी भरलं तर पाव हिश्शाची सूट. वडिलांचं काहीच थकलेलं नव्हतं, म्हणून त्यांचं काहीच माफ झालं नाही. समोरच्या आळीतल्या एकाचं सगळं कर्ज गेलं, आणि हा माणूस फेडीच्या बाबतीत गावात बदनाम होता. वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत. "मंग आमी भरलं थे येडे म्हणून भरलं का?" असं ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

लूकच्या शुभवर्तमानातल्या 15व्या अध्यायाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. वाटा उधळून परतलेला धाकटा मुलगा, त्याच्यासाठी मांडलेली मेजवानी, आणि वावरातून येऊन वाजंत्री ऐकणारा थोरला. "तेव्हा तो रागावला व आत जाईना." त्या दोन दिवसांत हे वाक्य मला आठवलं होतं. वडिलांबद्दल. स्वतःबद्दल ते आठवायला आणखी पंधरा वर्षं लागली.

कर्ज हा शब्द आमच्या जिल्ह्यात दृष्टांतापुरता नाही, हे इथं सांगायलाच हवं. चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे आमच्याच जिल्ह्यातले. 19 मार्च 1986 रोजी त्यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. त्या तारखेला आता अनेक जण अन्नत्याग करतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या प्रार्थनेत ही तारीख आली की आमच्या छोट्या चर्चमध्ये कुणी मोठ्यानं बोलत नाही. आणि तरी दर रविवारी, येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत, आम्ही सगळे एका सुरात म्हणतो: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." इतर भाषांत काही ठिकाणी इथं 'अपराध' म्हणतात. आमच्या मराठीत 'ऋण' आहे, आणि मूळ मत्तयाच्या शुभवर्तमानातही तेच आहे. मला ते बरं वाटतं. अपराध म्हटलं की माणूस वाद घालू शकतो. ऋण म्हटलं की आकडा समोर येतो.

माझा आकडा होता जवळपास चार गुंठे.

आजोबांच्या जमिनीचे दोन हिस्से झाले होते. एक वडिलांचा, एक मोठ्या बाबांचा. मधे सहाशे फुटांचा धुरा, म्हणजे बांध, धुऱ्यावर एक निंब. मोठे बाबा लवकर गेले. मोठ्या मायनं एकुलत्या मुलीचं लग्न केलं आणि वावर बटईनं देऊन ती एकटी राहिली. 2005 पासून आमच्या वावरात ट्रॅक्टर येऊ लागला. दर उन्हाळ्यात नांगरटीच्या वेळी मी धुऱ्याच्या कडेला उभा राहायचो आणि हातानं खूण करायचो: अजून थोडं, अजून थोडं. दरसाल साडेचार-पाच इंच. वीतभरही नाही. तणकट माजतं, उंदरं होतात, धुरा बारीक असलेला बरा, असं मी मनाशी म्हणायचो. अठरा वर्षांत धुरा सात फूट सरकला. निंब पूर्वी तिच्या अंगाला होता, तो माझ्या पऱ्हाटीत आला.

त्याच अठरा वर्षांतली बारा वर्षं मी चर्चच्या मंडळीचा खजिनदार होतो. दशमांश कधी चुकवला नाही. वर्षअखेरच्या हिशेबात एका रुपयाचा फरक आला, तर रात्री दोनपर्यंत वही घेऊन बसायचो. मंदिरात उभा राहून "मी आपल्या सगळ्या उत्पन्नाचा दशमांश देतो" असं देवाला ऐकवणाऱ्या बायबलातल्या कर्मठ परूश्यावर मी स्वतः एकदा प्रवचन केलं आहे. ते लोकांना आवडलंही होतं.

2023 साली मोठ्या मायच्या मुलीनं मोजणीचा अर्ज केला. तिला माझ्यावर संशय नव्हता. आईचं वय झालं, कागद नीट असावेत, एवढंच. भूमापक आला, तिपाई मांडली, यंत्र लावलं. चार पंच, बटईदार, ट्रॅक्टर चालवणारा पोरगा, मोठी माय निंबाच्या सावलीत बसलेली. आणि दगड रोवायची जागा निघाली माझ्या कापसाच्या आत सात फूट. सगळे गप्प झाले. मी म्हणालो, "ट्रॅक्टरवाल्या पोराच्या हातून झालं असन. त्याले अंदाज नाई येत."

तो पोरगा तिथंच उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. मी त्याला पाचवीत शिकवलं होतं.

मोठी माय एवढंच बोलली: "पीक उभं हाये. काढू द्या त्याले कापूस, मंग सरकवा धुरा."

पुढचे तीन महिने मी रविवारी त्या ओळीशी आलो की ओठ मिटून घ्यायचो. ऋण सोडले आहे. सोड. बाजूचे म्हणत, मी थांबायचो, आणि "परीक्षेत आणू नको"पासून पुन्हा सुरू करायचो. पश्चात्ताप झाला होता यात शंका नाही. तो खोटा नव्हता. पण त्या पश्चात्तापानं मी काय करायला बसलो, ते सांगतो. मी वही घेतली. चार गुंठ्यांत कोरडवाहू कापूस अर्धा क्विंटल धरला. खरं तर जमीन हळूहळू सरकली होती, पहिल्या वर्षी चार इंचांतून काय निघणार? तरी मी पहिल्या वर्षापासून पूर्ण चार गुंठे धरले, म्हणजे माझ्याकडून जास्तच. अठरा वर्षांचे नऊ क्विंटल, सात हजारांचा भाव, 63,000 रुपये. वरचे दोन हजार घालून 65,000 केले. बँकेतून कोऱ्या नोटा आणल्या. तो आकडा लिहिताना मला किती हलकं वाटलं, हे आठवलं की आजही मान खाली जाते.

आधी त्या पोराकडे गेलो. त्याच्या दारात, त्याच्या बायकोसमोर म्हणालो की खोटं मी बोललो. तो बराच वेळ डिझेलच्या भावाबद्दल बोलत राहिला आणि मग म्हणाला, "बसा न सर, च्या ठेवतो." मी बसलो नाही. काम आहे म्हटलं.

मोठी माय ओसरीवर तूर पाखडत होती. पाकीट मी तिच्या सुपाशेजारी ठेवलं आणि सगळं सांगितलं. हिशेबासकट. तिनं पाकिटाला हात लावला नाही.

"मले मालूम होतं रे बापा," ती म्हणाली. "निंब माह्या आंगाले होता न. थो तुह्या आंगाले गेला तवाच दिसलं."

"मंग बोलली काहून नाई?"

"बोलली न. तुले नाई, त्याले." तिनं हनुवटीनं वर दाखवलं. मग सूप बाजूला ठेवलं. "रोज रातच्याले म्हणतो आपण, आमी ऋण सोडलं हाये. म्हणतो का नाई? मले तं एकच ऋणी. तूच. अठरा साल तुह्यावर हात ठेवून म्हटलं मी थे. आता हे पैसे घेतले, तं मी खोटं बोलली का देवापाशी?"

मी आग्रह केला. म्हटलं, मग तुझं वावर मी दोन वर्षं फुकट वाहून देतो, बियाणं माझं, मजुरी माझी. ती हसली. "सालदार लागतं का मले? धुरा गेला न जागेवर? झालं. पाकीट घे आन घरी जाय."

पाकीट घेऊन मी निघालो, आणि पांदणीच्या वाटेत माझ्या लक्षात आलं की मला राग आला आहे. तिच्यावर. माफ करणाऱ्या ऐंशी वर्षांच्या बाईवर. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या. दुप्पट मागितले असते तर दिले असते. पण तिनं मला देण्यासारखं काही ठेवलंच नाही. गावात रोज तिच्यासमोरून जायचं, आणि हातात काही नसताना जायचं.

घरी बायकोला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं आणि म्हणाली, "तुमाले माफी नाई पायजे. तुमाले पावती पायजे."

त्या रात्री मी तिच्याशी भांडलो. मग झोप येईना म्हणून बायबलातल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला 5वा अध्याय काढला, नामानाचा. आमच्या विदर्भात ही गोष्ट वेगळी ऐकू येते. परतवाड्याजवळचं कोठारा, वर्ध्याचं दत्तपूर, अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन ही नावं ऐकत आम्ही वाढलो. कुष्ठरोग म्हणजे काय, आणि त्या माणसाच्या हातचं पाणी घेताना भलाभला कसा मागं सरतो, हे माझ्या पिढीनं पाहिलं आहे. तर नामान हा अरामचा सेनापती आणि कुष्ठरोगी. बरा व्हायला निघाला तेव्हा त्यानं सोबत 10 किक्कार चांदी, 6,000 शेकेल सोनं आणि 10 पोशाख घेतले. अलीशा संदेष्टा दारातसुद्धा आला नाही. यार्देनेत सात वेळा बुडी मार, एवढा निरोप पाठवला. नामान संतापला. आमच्या दिमिष्काच्या नद्या काय वाईट आहेत? तेव्हा त्याचे चाकर त्याला म्हणाले, संदेष्ट्यानं काही अवघड सांगितलं असतं तर तुम्ही केलं असतं ना?

हे मी शंभरदा वाचलं होतं. त्या रात्री पहिल्यांदा माझी नजर पुढच्या भागावर गेली. बरा झाल्यावर नामान भेट घेऊन परत येतो. अलीशा म्हणतो, परमेश्वराच्या जीविताची शपथ, मी काही घेणार नाही. नामान आग्रह करतो. अलीशा घेत नाही. आणि मग हा सेनापती, चांदीनं लादलेली जनावरं तशीच उभी असताना, उलट मागतो: दोन खेचरांवर मावेल एवढी इथली माती मला द्या. द्यायला आला होता, तो मागणारा झाला. अख्ख्या अध्यायात पाण्यानं त्याची कातडी बरी झाली, पण माझ्या मते नामान खरा बरा झाला तो त्या मातीच्या मागणीत.

माझ्या लहानपणी आमच्याकडे येणारे पाळक, म्हणजे धर्मगुरू, यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकले होते. 1953 साली ती यवतमाळला निघाली आणि 1983 साली पुण्याला गेली. त्या पाळकांनी एकदा बायबलातल्या कलस्सैकरांस पत्राचा 2रा अध्याय शिकवताना फळ्यावर एक ग्रीक शब्द लिहून त्याचा अर्थ सांगितला होता: कर्जदारानं स्वतःच्या हातानं लिहून दिलेली कबुली. हातचिठ्ठी. आपल्याविरुद्धची ती हातचिठ्ठी देवानं खोडली आणि वधस्तंभाला खिळली, असं पौल लिहितो. वर्गातल्या आम्हा पोरांना सावकाराकडची हातचिठ्ठी काय असते ते चांगलं ठाऊक होतं. म्हणून ते लक्षात राहिलं. पण मी आयुष्यभर देवाशी जे केलं ते वडिलांनी सोसायटीशी केलं तेच. नवं-जुनं. या रविवारचं पाप पुढच्या आठवड्याच्या सेवेनं भरायचं, त्या सेवेत राहिलेली खोट उपासानं. वही निरंक दिसायची. खिळलेली चिठ्ठी मी दर आठवड्याला उपटून आणत होतो, माझ्या हातानं फेडायची म्हणून.

नारायण वामन टिळक, जे नागपूरला राहिले, ज्यांच्या हाती राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात नवा करार पडला आणि ज्यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, ते म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलावर मी अनेकदा थांबतो. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही कथा मराठी माणसाला सांगावी लागत नाही. बुडवणाऱ्याचं मन केवढं, असंच आपण म्हणतो. मी आता दुसऱ्या बाजूचा विचार करतो. ज्याचं खत बुडालं तो कुणबी त्या संध्याकाळी घरी गेला तेव्हा त्याला काय वाटलं असेल? हायसं, नक्कीच. पण त्यातला एखादा माझ्यासारखा असेलच. रात्रभर तळमळून सकाळी धान्याचं पोतं घेऊन देहूच्या दाराशी उभा, "असं कसं, माझं मी देतो" म्हणत.

आणि खत बुडालं म्हणजे पैसा हवेत विरत नाही. तो बुडवणाऱ्याच्या घरातून जातो. मोठ्या मायच्या घरातून अठरा वर्षं तो गेला. त्या अर्ध्या-अर्ध्या क्विंटलातून तिचं औषध आलं असतं, पत्र्याच्या जागी कौलं आली असती. ते तिनं सोसलं आणि वर रोज माझं नाव घेतलं. मी 65,000 नेले तेव्हा मला वाटत होतं की हिशेब मी मांडतो आहे. ती तो कधीच भरून बसली होती. वधस्तंभाबद्दल मी इतकी वर्षं जे बोलत होतो, ते माझ्या धुऱ्यापलीकडे सुती लुगडं नेसून तूर पाखडत होतं.

कुणी म्हणेल, लूकच्याच शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदारानं तर लुबाडलेलं चौपट परत केलं. हा प्रश्न मलाही पडला, आणि तो टाळण्यासारखा नाही. ज्याची जमीन दाबली त्याला ती परत द्यायलाच हवी. धुरा जागेवर गेल्याशिवाय माफीची भाषा काढणं म्हणजे गरिबाची दुसऱ्यांदा लूट. पण जक्कयाच्या गोष्टीतला क्रम पाहावा. येशू आधी म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. तेव्हा जक्कयानं एक नाणंही परत केलेलं नसतं. चौपट त्यानंतर येते, आनंदानं. माझे 65,000 आनंदानं आले नव्हते. पुन्हा तिच्यासमोर ताठ उभं राहता यावं म्हणून आले होते.

आणि धाकटा मुलगा. डुकरं चारत असताना तो एक भाषण पाठ करतो: बाबा, मी पाप केलं आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला एका मोलकऱ्याप्रमाणे ठेवा. आमच्या भाषेत, मले सालदार ठेवा. घरी पोचल्यावर तो भाषण सुरू करतो. पहिली दोन वाक्यं होतात. तिसरं, सालदाराचं, लूकच्या त्या ओवीत येतच नाही. बाप त्याच्या आधीच चाकरांना हाक मारतो: उत्तम झगा आणा. पश्चात्ताप बापानं ऐकून घेतला, सौदा ऐकून घेतला नाही. मोठ्या मायनं मला ओसरीवर नेमकं तिथंच तोडलं होतं.

हे कळलं म्हणून जमलं, असं झालं नाही. वर्षभर मी तिच्या घरचं काही खाल्लं नाही. बोलावलं तर "जेवून आलो". कधी जावंच लागलं तर हातात अर्धा डझन केळी. अभिमान साध्या कपड्यांत फिरतो, माझा तर नम्रतेच्या कपड्यांत फिरत होता. "मी कुठला त्या लायक" हे वाक्य मी प्रार्थनेत किती गोड गळ्यानं म्हटलं आहे! ते म्हणताना पाठ ताठच होती. लायकी नाही म्हणून घेत नाही, असं म्हणणाराही शेवटी लायकीच मोजत असतो.

गेल्या डिसेंबरात वेचणी चालू होती. तिची आणि माझी एकाच दिवशी. धुरा जुन्या जागी, त्यावर आता तुरीची एक ओळ, निंब पुन्हा तिच्या अंगाला. दुपारी ती डोक्यावर गंज, म्हणजे पातेलं, घेऊन आली, त्या वयात, पांदणीनं. निंबाखाली बसली आणि मला हाक मारली. मी माझा डबा घेऊन गेलो. बायकोनं वांग्याची भाजी दिली होती, म्हटलं तिला अर्धी देऊ. मी झाकण काढायला लागलो.

"झाक थे," ती म्हणाली. "आधी हे खा."

ज्वारीची भाकर तिनं तोडली. वरणावरचं पाणी भाकरीवर सांडलं ते तसंच. ठेच्याचा गोळा बाजूला ठेवला आणि माझ्याकडे हात केला. मला डबा खाली ठेवावा लागला, कारण एका हातानं ते घेता येण्यासारखं नव्हतं. दोन्ही हात पुढं केले. चर्चमध्ये प्रभुभोजनाला आम्ही असेच करतो, उजवा तळवा डाव्यावर. मी खाल्लं. ठेचा फार तिखट होता, तेव्हा डोळ्यांचं कुणी विचारलं नाही.

निघताना तिनं उरलेलं वरण गंजासकट माझ्या हाती दिलं. माझ्या लेकीच्या पोरांना आवडतं म्हणाली. रात्री घरी ते संपलं. बायकोनं गंज घासला आणि सवयीनं साखरेच्या डब्याकडे वळली. मी नको म्हटलं. ती थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि झाकण पुन्हा लावलं.

सकाळी मी गंज घेऊन गेलो. मोठ्या मायनं झाकण काढून आत पाहिलं. मग तो चुलीशेजारच्या फळीवर उपडा घातला आणि म्हणाली, "बस. च्या घेतं?"

मी बसलो.